मुलांचा ऑनलाइन छळ: ओळखायचा कसा, थांबवायचा कसा

"घरी सांगितलं तर फोन काढून घेतील." ऑनलाइन छळ सोसणारी मुलं महिनोन्‌महिने गप्प राहतात, त्यामागे पुष्कळदा हीच भीती असते. वर्गाच्या ग्रुपवर ज्याला रोज टोमणे खावे लागतात, त्याचे दोन-चार खरे मित्रही त्याच फोनमध्ये असतात. फोन काढून घेतला म्हणून छळ थांबत नाही, तो पाठीमागे चालूच राहतो. तुटतात ते मित्र. म्हणून पुढचं काही वाचण्याआधी मुलाला एक शब्द द्या, आजच, काही घडलेलं नसतानाच: "ऑनलाइन तुझ्या बाबतीत काहीही झालं आणि तू मला सांगितलंस, तर त्यापायी तुझा फोन जाणार नाही." दिलेला शब्द पाळता आला पाहिजे. तो एकदा मोडला, तर खालच्या सगळ्या सूचना निरुपयोगी ठरतात, कारण मूल पुन्हा सांगायला येणारच नाही.

हा लेख साधारण पाचवी ते बारावीच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. मधला एक भाग थेट मुलांसाठी आहे. तो त्यांच्या हातात द्या.

चेष्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो

मुलं एकमेकांना चिडवतातच. पण चेष्टेत दोघंही हसतात, आणि आज ज्याची खेचली तो उद्या दुसऱ्याची खेचतो. छळात एकच जण कायम खाली असतो. शाळेतल्या दादागिरीचा आयुष्यभर अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या होत्या: मुद्दाम दुखावणं, ते पुन्हा पुन्हा करणं आणि दोघांच्या ताकदीत फरक असणं. ऑनलाइन जगात यातली दुसरी खूण जरा वेगळी दिसते. एखाद्याने फोटो एकदाच टाकला तरी तो चाळीस जणांनी पुढे ढकलला, की ज्याचा फोटो आहे त्याच्यासाठी तो प्रसंग चाळीस वेळा घडतो. त्यामुळे "त्याने एकदाच तर टाकलं" या सबबीत अर्थ नाही.

आपल्याकडे हा छळ कोणत्या रूपात दिसतो, ते पालकांना माहीत हवं. मुलाच्या डबा खातानाच्या किंवा झोपलेल्या फोटोचा व्हॉट्सॲप स्टिकर करून तो प्रत्येक गप्पांत चिकटवणं. एकाला वगळून वर्गाचा दुसरा ग्रुप काढणं आणि तसा तो काढलाय हे त्याला मुद्दाम कळू देणं. शाळेच्या नावाने इन्स्टाग्रामवर 'कन्फेशन' पान चालवून त्यावर मुलींची नावं कुणाकुणाशी जोडणं. फेक आयडी काढून दुसऱ्याच्या नावाने घाणेरडे मेसेज पाठवणं. बीजीएमआय किंवा फ्री फायर असे मोबाइल गेम खेळताना माइकवर आईबहिणीवरून शिव्या. रंगावरून, वजनावरून, तोतरेपणावरून, 'बायल्या' म्हणून, आडनावावरून आणि आरक्षणावरून बोलणं. आणि अलीकडचा सगळ्यांत भयंकर प्रकार म्हणजे साध्या, पूर्ण कपड्यांतल्या फोटोवरून एआयने नग्न फोटो तयार करणं. त्या मुलीने कधी कुणाला काही पाठवलेलं नसतं. तरी "तू पाठवलाच का होतास?" असा पहिला प्रश्न घरातूनच येतो, आणि तो सगळ्यांत खोल लागतो.

खुणा

एखाद-दुसऱ्या खुणेवरून निष्कर्ष काढू नका. किशोरवयात मुलं चिडचिडी होतातच. पाहायचा तो अचानक पडलेला फरक. मेसेजचा आवाज आला की चेहरा उतरतो, फोन पालथा ठेवला जातो. इन्स्टाचं खातं बंद होतं, आठवड्याने नव्या नावाने उघडतं. रविवारी संध्याकाळी पोट दुखायला लागतं. क्लासला जायचा रस्ता बदलतो, सहलीला जायचं नसतं, वाढदिवसाला कुणाला बोलवायचं नसतं. घरच्या समारंभातही फोटो काढू देत नाही. कधी याच्या उलटही होतं: मूल फोनपासून हलतच नाही, रात्री दोनलाही तपासत असतं, कारण आपल्याबद्दल काय चाललंय ते न पाहणं त्याला पाहण्यापेक्षा अवघड वाटतं.

मूल "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं, आवडत्या वस्तू वाटायला लागलं किंवा स्वतःला इजा करताना दिसलं, तर बाकीचे टप्पे बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, इजा करण्याजोग्या वस्तू हाताशी ठेवू नका, मरणाचे विचार येतात का हे शांतपणे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही मिळते. धोका समोर दिसत असेल तर ११२ लावा किंवा थेट रुग्णालय गाठा.

पहिला टप्पा: ऐकणं

समोरासमोर बसवून "बोल, काय झालं" असं विचारलं की मूल मिटतं. स्कूटरवर मागे बसलेलं असताना, भाजी निवडताना, अंथरुणं घालताना, म्हणजे डोळ्याला डोळा नसताना, ते जास्त बोलतं. सुरुवात दुसऱ्यापासून केली तरी चालते: "तुमच्या वर्गात असले स्टिकर करतात का रे कुणाचे?"

ते सांगायला लागलं की पहिली दहा मिनिटं तीन वाक्यं टाळायची. "दुर्लक्ष कर" म्हटलं की त्याला वाटतं, यांना काही कळलं नाही. "तू काय केलं होतंस आधी?" म्हटलं की ते आरोपी होतं. "थांब, आत्ता त्याच्या बापाला फोन लावतो" म्हटलं की प्रकरण त्याच्या हातातून सुटतं आणि पुढच्या वेळी ते सांगत नाही. त्याऐवजी म्हणा, "बरं झालं सांगितलंस. यात तुझी चूक नाही. पुढे काय करायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." मग त्यालाच विचारा की हे कुणाकुणाला कळलेलं चालेल. आजी, काका, शेजारी यांच्यापर्यंत ही गोष्ट त्याच्या संमतीशिवाय जाऊ नये. आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. तिथे टाकलेला स्क्रीनशॉट तासाभरात मुलांच्या ग्रुपवर पोचतो, आणि ज्यापासून मुलाला वाचवायचं तेच पुन्हा घडतं.

दुसरा टप्पा: ब्लॉकच्या आधी पुरावा

इथे घाई नडते. रागाने किंवा किळस येऊन आधी सगळं डिलीट केलं, ब्लॉक केलं, की नंतर शाळेला आणि पोलिसांना दाखवायला हातात काही उरत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला मेसेज सगळ्यांसाठी पुसायला जवळजवळ अडीच दिवस मिळतात, त्यामुळे पुरावा कळल्या कळल्या जपायचा.

स्क्रीनशॉट घेताना मेसेज, पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख-वेळ एकाच चित्रात दिसेल असं पाहा. इन्स्टाग्रामवर दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतं. महत्त्वाचं ते युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक. पोस्टची आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून वेगळी जपा. व्हॉट्सॲपवर चॅटच्या सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट चॅट' असतं, त्यातून सगळे मेसेज तारखेसह एका फाइलमध्ये मिळतात. मुलाला ग्रुपमधून काढलं असेल तरी काढेपर्यंतच्या गप्पा त्याच्या फोनमध्ये राहतात, म्हणून तो ग्रुप पुसू नका. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, आणि व्हॉट्सॲपचा 'एकदाच पाहा' प्रकारचा फोटो स्क्रीनशॉट घेऊच देत नाही. अशा वेळी दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढा. गेममधल्या शिव्यांसाठी स्क्रीन रेकॉर्डिंग लावा किंवा शेजारी दुसरा फोन रेकॉर्डिंगला ठेवा. एका वहीत तारीख, वेळ, काय घडलं आणि कुणी पाहिलं, हे मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा.

याला एक अपवाद आहे आणि तो नीट लक्षात घ्या. अठरा वर्षांखालच्या कुणाचाही नग्न किंवा लैंगिक फोटो असेल, खरा वा एआयने केलेला, तर त्याच्या प्रती काढू नका, नातेवाइकाला "बघ हे" म्हणून पाठवू नका, मुख्याध्यापकांनाही फॉरवर्ड करू नका. असा फोटो पसरवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यावर ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हेतू चांगला असला तरी आपण त्या साखळीची एक कडी होतो. लिंक, युजरनेम, फोन नंबर, तारीख-वेळ टिपा आणि ज्या फोनवर तो आलाय तो फोन तसाच पोलिसांना दाखवा.

मूळ फोन महत्त्वाचा. प्रकरण मिटेपर्यंत तो फॉरमॅट करू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते काम सोपं होतं.

तिसरा टप्पा: पसरणं थांबवणं

व्हॉट्सॲप ग्रुपवर काही पडलं असेल तर सगळ्यांत जलद उपाय ग्रुपचा ॲडमिन. तो कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसू शकतो. वर्गातल्याच एखाद्या समंजस ॲडमिनला मुलाने किंवा शिक्षकांनी सांगितलं, तर पाच मिनिटांत काम होतं.

मग रिपोर्ट. कुणी रिपोर्ट केलं ते समोरच्याला कळेल म्हणून मुलं घाबरतात. इन्स्टाग्राम रिपोर्ट करणाऱ्याचं नाव सांगत नाही. पन्नास जणांना रिपोर्ट करायला लावण्यातही काही मिळत नाही, कारण संख्येवर निर्णय होत नाही. नेमकं कारण निवडणं जास्त उपयोगी. मुलाच्या नावाने फेक खातं असेल तर 'दुसऱ्याची बतावणी' हा पर्याय निवडा; मुलाच्या वतीने पालकही ही तक्रार करू शकतात.

रिपोर्टला दाद मिळाली नाही तर त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मोठ्या ॲपने तो नेमलेला असतो, त्याचं नाव आणि ईमेल त्यांच्या साइटवर असतं. नग्नता, लैंगिक कृत्य किंवा बतावणी, बनावट केलेले फोटो धरून, अशी तक्रार आली तर फेब्रुवारी २०२६ पासून जास्तीत जास्त २ तासांत (आधी २४ तासांत) कारवाई करणं ॲपवर बंधनकारक आहे. तुमच्या मेलमध्ये हा नियम, लिंक आणि मुलाचं वय स्पष्ट लिहा.

नग्न फोटोच्या बाबतीत आणखी एक फार कामाची सोय आहे. 'टेक इट डाउन' ही अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची मोफत सेवा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या फोटोंसाठी जगभर चालते. पत्ता: टेकइटडाउन डॉट एनसीएमईसी डॉट ओआरजी. फोटो तिथे चढवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक क्रमांक तयार होतो, फक्त तो क्रमांक जातो, आणि सहभागी ॲप त्यावरून तसा फोटो शोधून अडवतात. इन्स्टाग्राम आणि फेसबुक त्यात आहेत. बंद व्हॉट्सॲप गप्पांतला फोटो यातून अडत नाही. गूगलच्या शोधात मुलाचा फोटो दिसत असेल तर अठरा वर्षांखालच्यांसाठी तो काढण्याची वेगळी विनंती करता येते, पालकांनाही.

हे सगळं झाल्यावर ब्लॉक. एकाच वर्गात रोज तोंड पाहायचं असतं तेव्हा ब्लॉक केल्याचा पुन्हा राग काढला जातो. अशा वेळी इन्स्टाग्रामचं 'रिस्ट्रिक्ट' बरं: समोरच्याची नवी कॉमेंट फक्त त्यालाच दिसते, आणि आपल्याला रोखलंय हे त्याला कळत नाही. त्याच बैठकीत व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत जाऊन 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' हे फक्त ओळखीच्यांपुरतं करा.

चौथा टप्पा: शाळा

तोंडी सांगून "बघतो आम्ही" ऐकून परतू नका. वर्गशिक्षकांना भेटा, पण अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. अर्जात घटनाक्रम, तारखा, मुलाला झालेला त्रास आणि तुमची मागणी लिहा. राज्यात शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी 'सखी सावित्री समिती' नेमण्याचा शासन निर्णय २०२२ चा आहे. तुमच्या शाळेत ती आहे का, तिची बैठक कधी होते, हे विचारा.

दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून "हात मिळवा आणि विसरून जा" करणं शाळांना सोपं वाटतं. त्याला नम्रपणे पण ठाम नकार द्या. ज्याची दहशत आहे त्याच्यासमोर दबलेलं मूल "हो सर, मिटलं" असंच म्हणणार. दोघांशी वेगवेगळं बोला, बाकाची जागा आणि मधली सुट्टी यांवर काही दिवस लक्ष ठेवा, पंधरा दिवसांनी पुन्हा भेट ठरवा, असं मागा. "शाळेच्या वेळेबाहेर झालंय" हे उत्तर मिळालं, तर त्याचा परिणाम वर्गात होतोय हे वहीतल्या नोंदींनी दाखवा. आणि परिपाठात नाव घेऊन उपदेश करू नका, हे आधीच सांगून ठेवा.

लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर शाळेला ते आपसात मिटवता येत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेनेही.

पाचवा टप्पा: पोलीस

प्रत्येक टोमण्यासाठी पोलिसांत जाऊ नये, असं मला वाटतं. दोन्ही मुलं लहान असतात आणि शाळा नीट वागली तर पुष्कळ प्रकरणं तिथे थांबतात. पण लैंगिक मजकूर, जिवाची धमकी, पैशाची मागणी, सतत पाठलाग, फेक खातं किंवा अनोळखी प्रौढ माणूस यांपैकी काही असेल तर थांबू नका.

तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर करता येते. महिला आणि बालकांविषयीच्या गुन्ह्यांचा तिथे वेगळा विभाग आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८. मूल स्वतःही लावू शकतं.

ठाण्यात "सायबर सेलला जा" असं सांगितलं जातं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो हे खरं, पण एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्द कोणतीही असो. नकार मिळाला तर घडलेलं लिहून पोलीस अधीक्षकांकडे, शहरात आयुक्तालयातल्या वरिष्ठांकडे, टपालाने पाठवा.

तक्रारीत उल्लेख करायची कलमं अशी: फेक ओळखीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी आणि ६६डी, खासगी अवयवांचे फोटो टिपणं वा पसरवणं यासाठी ६६ई, मुलीचा ऑनलाइन पाठलाग असेल तर भारतीय न्याय संहितेचं ७८, धमकीसाठी ३५१. पीडित मूल अठराच्या आतलं आणि प्रकार लैंगिक असेल तर पॉक्सो, आणि तो मुलग्यांनाही तितकाच लागू होतो. अनुसूचित जाती-जमातीतल्या मुलाचा जातीवरून सार्वजनिक अपमान झाला असेल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याचाही उल्लेख करा. पॉक्सोखाली मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षक वा त्यावरच्या अधिकाऱ्याने, गणवेशात नसताना, पालकांसमोर घ्यायचा असतो. हा मुलाचा हक्क आहे, मागून घ्या.

हा भाग मुलांसाठी

तुला कुणी फोटो पसरवायची धमकी देत असेल तर पैसे देऊ नकोस, आणखी एकही फोटो पाठवू नकोस, उत्तरही देऊ नकोस. एकदा दिलं की मागणी वाढत जाते. चॅट पुसू नकोस. आत्ता उठ आणि आई, बाबा, ताई, मामा, मॅडम, ज्या एका मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे त्याला हे वाक्य म्हण: "मला मदत पाहिजे, आधी पूर्ण ऐक, मग रागव." तू स्वतः फोटो पाठवला असशील तरीही गुन्हा धमकी देणाऱ्याचा आहे.

शिवीला शिवी देऊ नकोस. पुढे स्क्रीनशॉटमध्ये फक्त तुझीच शिवी कापून दाखवली जाते.

आणि छळ दुसऱ्याचा होत असेल तर ग्रुपवर भाषण द्यायची गरज नाही. स्टिकर पुढे पाठवू नकोस, हसणारा इमोजी टाकू नकोस, आणि त्या मुलाला वेगळा मेसेज कर: "ते चुकीचं करतायत. उद्या डबा माझ्यासोबत खा." छळ होणाऱ्याला वाटत असतं की सगळा वर्ग विरुद्ध आहे. एका मेसेजने ते खोटं ठरतं.

आपलंच मूल त्रास देत असेल तर

शाळेतून असा फोन आला की पहिली प्रतिक्रिया "आमचा असा नाही" हीच येते. पुरावा शांतपणे पाहा. मारझोड करू नका. दुबळ्यावर ताकद चालवता येते हाच धडा त्यातून मिळतो. जे टाकलंय ते त्याच्याच हाताने, तुमच्या देखत काढायला लावा, मात्र शाळेने किंवा पोलिसांनी ते पाहून झाल्यावर. माफी मागायची तर आधी समोरच्या मुलाला ती हवी आहे का ते त्याच्या पालकांकडून विचारून घ्या. आपल्या मुलालाही कुणी छळतंय का, तो ग्रुपमध्ये टिकण्यासाठी हे करतोय का, हे शोधा. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं; त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. पण मंडळापुढे उभं राहावं लागणं हीच मुलासाठी आणि घरासाठी मोठी गोष्ट आहे, हे त्याला स्पष्ट कळू द्या.

नंतरचे काही आठवडे

तक्रारीनंतर पहिला आठवडा अवघड जातो, कारण "चहाडखोर" म्हणून नवा टोमणा सुरू होतो. त्याचीही वहीत नोंद करा आणि शाळेला कळवा. मुलाला शाळेबाहेरचं एखादं वर्तुळ मिळवून द्या: कबड्डीचा संघ, तबल्याचा क्लास, चुलतभावंडं, जिथे त्याची ओळख या प्रकरणाने होत नाही. झोप आणि भूक महिनाभरात पूर्ववत झाली नाही तर समुपदेशकाकडे न्या.

चोरून हेरगिरीचं ॲप मात्र टाकू नका. मुलाला ते सापडतंच, आणि मग ते दुसरं खातं उघडतं जे तुम्हाला कधीच दिसत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा सोबत बसून सेटिंग तपासा: कोण फॉलो करतंय, कुणाचे मेसेज येऊ शकतात, लोकेशन कुणाला दिसतं. त्याच वेळी मुलाचं नाव आणि युजरनेम शोधून पाहा, जुना फोटो किंवा फेक खातं पुन्हा वर आलं असेल तर नव्या लिंकसह जुन्या तक्रारीचा क्रमांक देऊन लिहा. तो क्रमांक, शाळेची पोच आणि वही एकाच फाइलमध्ये ठेवा.